पाच वाजता मतदान

दर मंगळवारी एडिनबर्गच्या होलीरूड भागातल्या संसद भवनात एक लहानशी बैठक भरते. पक्षांचे मोजके प्रतिनिधी, त्यांच्या मदतीला संसदेचे काही अधिकारी, आणि दार बंद. पत्रकारांना प्रवेश नाही, प्रेक्षकांनाही नाही. इथे कुणी कुणाचं धोरण खोडून काढत नाही. पुढच्या आठवड्यांत सभागृहात कोणत्या वारी काय घ्यायचं, कुणाला किती वेळ द्यायचा, कोणतं विधेयक कोणत्या समितीकडे धाडायचं, एवढंच ठरतं. मग बुधवारी हा कार्यक्रम ठरावाच्या रूपात सभागृहापुढे येतो, बहुतेक वेळा चर्चेविना संमत होतो आणि स्कॉटलंडची संसद आपल्या कामाला लागते.

या मंडळाचं नाव पार्लमेंटरी ब्यूरो. राजकारणावर लिहिणारे अनेक जण त्याकडे कारकुनी काम म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. कोणत्याही विधिमंडळात खरी सत्ता कुणाकडे आहे हे समजून घ्यायचं, तर भाषणं ऐकण्याआधी तिथला कामकाजाचा क्रम कोण लावतं ते पाहावं. विषय पटलावरच आला नाही, तर त्यावर बोलण्याची तयारी कितीही असो, ती घरीच राहते. नवी संसद उभी करताना स्कॉटलंडने या प्रश्नाचा आधीपासून विचार केला होता, आणि तो विचार कितपत टिकला हे आता पाव शतकाच्या अनुभवावरून तपासता येतं.

मुळात ही संसद हवी कशाला, या प्रश्नाचं एक उत्तरही ‘वेळ’ हेच होतं. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले तेव्हा स्कॉटलंडची संसद बंद झाली, पण कायदा, न्यायालयं, चर्च आणि शिक्षण यांची व्यवस्था वेगळीच राहिली. म्हणजे कायदा एडिनबर्गचा, पण तो बदलायचा तर जायचं लंडनला. आणि लंडनच्या संसदेत केवळ स्कॉटलंडपुरत्या विधेयकासाठी दिवस मिळवणं म्हणजे मोठी मिनतवारी. जमिनीचं उदाहरण घ्या. स्कॉटलंडमध्ये सरंजामी काळापासून घरमालकाच्या वरही कायद्याने आणखी एक ‘वरिष्ठ’ असे. घराला एखादी खोली वाढवायची, तर खरेदीखतातल्या जुन्यापुराण्या अटींवर बोट ठेवून हा वरिष्ठ अडवू शके आणि परवानगीचे पैसे मागू शके. १९७४ मध्ये लंडनच्या संसदेने या पद्धतीला थोडी कात्री लावली, पण ती मुळासकट काढायला पुढची पंचवीस वर्षं सवड झाली नाही. नव्या संसदेने २००० साली ती रद्द करणारा कायदा केला, आणि २८ नोव्हेंबर २००४ पासून स्कॉटलंडमधला घरमालक खऱ्या अर्थाने आपल्या घराचा मालक झाला.

लंडनच्या कॉमन्स सभागृहात वेळेची मालकी कुणाकडे आहे, हे तिथल्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे. अपवाद सोडले तर प्रत्येक बैठकीत सरकारी कामाला अग्रक्रम. विरोधकांना एका अधिवेशनात २० दिवस मिळतात, पण ते नेमके कोणते, हे सरकार ठरवतं. ही व्यवस्था तिथे इतकी मुरलेली आहे की तिच्यात काही खटकतं असंच फार दिवस कुणाला वाटत नव्हतं.

११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात स्कॉटलंडच्या ७४.३ टक्के मतदारांनी स्वतःच्या संसदेला कौल दिला. त्यानंतर हेन्री मॅकलीश यांच्या अध्यक्षतेखाली एक सर्वपक्षीय सुकाणू गट बसला. नव्या संसदेने काम कसं करावं, याचा आराखडा त्याने जानेवारी १९९९ मध्ये दिला. सरकार, संसद आणि जनता यांनी सत्ता वाटून घ्यावी, हे त्यातलं पहिलं तत्त्व. कामकाजाचा क्रम एकट्या सरकारने लावू नये, पक्षांनी एकत्र बसून लावावा, हे त्याच तत्त्वातून आलं आणि ब्यूरोचा जन्म झाला.

ब्यूरोचे अध्यक्ष असतात संसदेचे पीठासीन अधिकारी. निवड झाल्यावर ते आपल्या पक्षाचं सदस्यत्व सोडतात. १९९९ मध्ये डेव्हिड स्टील या पदावर आले, २०२१ मध्ये ॲलिसन जॉन्स्टन. बाकीचे सदस्य पक्षांचे. ज्या पक्षाचे पाच किंवा त्याहून जास्त सदस्य निवडून आले, त्याचा एक प्रतिनिधी ब्यूरोत बसतो. लहान पक्ष आणि अपक्ष एकत्र येऊन पाचांचा गट करू शकतात. सरकारच्या बाजूने बहुधा संसदीय कामकाज मंत्री येतात. मतदानाची वेळ आली तर प्रत्येक प्रतिनिधीच्या मताचं वजन त्याच्या पक्षाच्या सदस्यसंख्येइतकं धरलं जातं. समान मतं पडली तर पीठासीन अधिकारी निर्णायक मत देतात. महाराष्ट्राच्या विधिमंडळाची कामकाज सल्लागार समिती ज्यांना माहीत आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

पाच ही संख्या कागदावर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात तिने पक्षांचं नशीब फिरवलं आहे. २०२१ च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट्सचे चार सदस्य आले. १९९९ पासून आठ वर्षं सरकारात बसलेला हा पक्ष, पण एका जागेने ब्यूरोतली खुर्ची गेली, आणि फर्स्ट मिनिस्टरना दर आठवड्याला प्रश्न विचारण्याची पक्षनेत्याची हक्काची पाळीही गेली. फर्स्ट मिनिस्टर म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे. पुढे एप्रिल २०२५ मध्ये जेमी ग्रीन कन्झर्व्हेटिव्ह पक्ष सोडून लिबरल डेमोक्रॅट्सकडे आले. चाराचे पाच झाले आणि गेलेली खुर्ची परत मिळाली. कुठल्याही पोटनिवडणुकीपेक्षा या एका पक्षांतराने त्या पक्षाचा आठवडा जास्त बदलला.

आता आठवडा कसा असतो ते पाहू. सोमवार आणि शुक्रवार सभागृह सहसा भरत नाही, ते दिवस मतदारसंघाचे. मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी सकाळी समित्या बसतात आणि दुपारी सभागृह. सुरुवातीची बारा-तेरा वर्षं सभागृह बुधवारी दुपारी आणि गुरुवारी दिवसभर भरायचं. सप्टेंबर २०१२ पासून पीठासीन अधिकारी ट्रिशिया मार्विक यांच्या कारकिर्दीत तीन दुपारींची पद्धत आली. सोमवारी काही घडलं, तर त्यावर मंत्र्यांना विचारायला बुधवारची वाट पाहावी लागू नये, हे त्यामागचं एक साधं कारण होतं. मंगळवारचे तातडीचे प्रश्न तेव्हापासूनचे.

मंगळवारी दुपारी दोनला कामाची सुरुवात चिंतनाने होते. कुणी पाद्री, इमाम, रब्बी, हिंदू किंवा शीख पाहुणा, कधी कोणताच धर्म न मानणारी व्यक्ती येऊन चार मिनिटं बोलते. त्यानंतर तातडीचे प्रश्न, मंत्र्यांचं निवेदन, सरकारी ठरावावर चर्चा. बुधवारी दोनला खात्यांनुसार प्रश्नोत्तरं आणि मग बरेचदा विरोधी पक्षांनी मागितलेल्या चर्चा. गुरुवारी ११.४० ला सर्वसाधारण प्रश्न आणि ठीक १२ वाजता फर्स्ट मिनिस्टरना प्रश्न. ही प्रश्नोत्तरं पूर्वी अर्धा तास चालत, २०१६ पासून ती पाऊण तासाची झाली. प्रेक्षकांची गॅलरी तेव्हा भरते, दूरचित्रवाणीचे कॅमेरे तेव्हाच जास्त सावध असतात.

ब्यूरोचा ठराव वाचायला बसलं की एक गोष्ट लक्षात येते. घड्याळाची वेळ त्यात फार थोड्या ठिकाणी लिहिलेली असते. दुपारचे दोन, गुरुवारचे ११.४० आणि १२, आणि संध्याकाळचे पाच. मधल्या सगळ्या बाबींपुढे फक्त ‘त्यानंतर’ एवढंच. म्हणजे दुपारची दोन टोकं पक्की आणि मधला भाग सैल. निवेदन लांबलं तर चर्चा आकसते, प्रश्न लवकर संपले तर चर्चेला मोकळी जागा मिळते. हे आकसणं आणि सैलावणं पीठासीन अधिकारी सांभाळतात. मागच्या बाकांवरच्या सदस्याला साधारण चार ते सहा मिनिटं मिळतात. दुपारच्या सुरुवातीला सहा मिनिटं बोलायचं ठरवून आलेल्या माणसाला चार वाजता सांगितलं जातं की आता चारच. मग भाषणातला कोणता परिच्छेद सोडायचा हे तो बोलता बोलता ठरवतो.

संध्याकाळचे पाच हा या सगळ्या आठवड्याचा खिळा आहे. दिवसभरात चर्चा झालेल्या बहुतेक सर्व ठरावांवर आणि दुरुस्त्यांवर मतदान त्याच वेळी, एकापाठोपाठ एक. सदस्य इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मत देतात. हो, नाही किंवा तटस्थ. निकाल लगेच. कॉमन्समध्ये सदस्यांना उठून दोन वेगवेगळ्या मार्गिकांतून चालत जावं लागतं आणि एका मतदानाला सुमारे पाव तास जातो. होलीरूडमध्ये तेवढ्या वेळात सात-आठ ठराव निकालात निघतात. शिवाय मतदान कधी होणार हे सकाळीच माहीत असल्यामुळे रात्रभर घंटीची वाट पाहत इमारतीत ताटकळत बसावं लागत नाही.

ही वेळ अशी ठेवण्यामागे स्पष्ट हेतू होता. घरी लहान मुलं असलेल्या माणसालाही, विशेषतः बाईलाही, संसदेचं काम करता आलं पाहिजे. १९९९ च्या पहिल्या निवडणुकीत १२९ पैकी ४८ स्त्रिया निवडून आल्या. त्यात पक्षांच्या उमेदवारी धोरणाचा वाटा मोठा होता, पण संध्याकाळी घरी जाता येईल अशी संसद उभी राहते आहे, याचंही मोल होतं असं मी मानतो. सुट्ट्यांचंही तसंच. सुट्ट्यांच्या तारखा ठरवताना स्कॉटलंडमधल्या शाळांच्या सुट्ट्यांचा विचार केला पाहिजे, असं नियमांतच लिहिलेलं आहे. स्कॉटलंडच्या शाळा जूनच्या अखेरीला बंद होऊन ऑगस्टच्या मध्याला उघडतात. लंडनची संसद उन्हाळ्यात थांबते ती जुलैच्या शेवटी, म्हणजे स्कॉटलंडमधल्या मुलाची निम्मी सुट्टी संपत आलेली असताना. एडिनबर्गच्या संसदेने आपलं पंचांग आपल्याच मुलांवरून काढलं.

पाच वाजताचं हे गणित कधी दोन्ही बाजूंना हलतं. वक्ते कमी पडले आणि पाचला दहा मिनिटं असतानाच चर्चा आटोपली, तर कुणी रिकामं बसून राहत नाही. पीठासीन अधिकारी सुचवतात, संसदीय कामकाज मंत्री उभं राहून निर्णयाची वेळ अलीकडे आणण्याचा ठराव मांडतात, सभागृह होकार देतं आणि मतदान तिथेच सुरू होतं. याच्या उलट प्रसंग डिसेंबर २०२२ मध्ये आला. लिंग ओळख बदलण्याची कायदेशीर पद्धत सोपी करणारं विधेयक तिसऱ्या टप्प्यात होतं. दुरुस्त्या दीडशेहून जास्त. कोणत्या गटाच्या दुरुस्त्या किती वाजेपर्यंत संपवायच्या याचा वेगळा वेळ-ठराव अशा वेळी आधीच केलेला असतो, पण त्या आठवड्यात तो पुरला नाही. कन्झर्व्हेटिव्ह सदस्यांनी नियमांचे मुद्दे उपस्थित केले, त्यांच्यावर चालढकलीचा आरोप झाला. २० तारखेची बैठक मध्यरात्रीपर्यंत लांबली, २१ ची तीही ओलांडून पुढे गेली. २२ डिसेंबरला ८६ विरुद्ध ३९ मतांनी विधेयक संमत झालं, तेव्हा प्रेक्षकांच्या गॅलरीतून विरोधाच्या घोषणाही झाल्या. पुढच्याच महिन्यात लंडनच्या सरकारने १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यातलं कलम ३५ पहिल्यांदाच वापरून ते विधेयक अडवलं, तो पुढचा भाग. इथे सांगायचं ते इतकंच, की संध्याकाळी घरी जाण्याची शिस्त पाळणारी संसद गरज पडली तेव्हा मध्यरात्रीनंतरही बसायला तयार होती. ती तशी बसली हे मला योग्य वाटतं.

एरवी विधेयकाला घाई केली जात नाही. पहिल्या टप्प्यात समिती साक्षी नोंदवते, अहवाल देते, मग सभागृह तत्त्व मान्य करतं. दुसऱ्या टप्प्यात समिती कलमवार दुरुस्त्या घेते. तिसरा टप्पा पूर्ण सभागृहाचा. या संसदेला दुसरं सभागृह नाही, त्यामुळे चाळणीचं बरंचसं काम समित्यांवर पडतं. म्हणूनच समित्यांनी सभागृहाच्या वेळात सहसा बसायचं नाही, असा दंडक ठेवला गेला. सदस्य १२९, त्यांतून मंत्री वजा केले की माणसं थोडी उरतात. एकच माणूस सकाळी समितीत आणि दुपारी सभागृहात बसतो. वेळापत्रकाची खरी अडचण मिनिटांची नसून माणसांची असते, हे इथे फार जवळून दिसतं.

तातडीच्या विधेयकाला मात्र वेगळा रस्ता आहे. मंत्र्यांनी तसा ठराव आणला आणि सभागृहाने मान्य केला, तर तिन्ही टप्पे एकाच दिवशी उरकता येतात. या संसदेचा अगदी पहिला कायदा याच वाटेने आला. १९९९ च्या उन्हाळ्यात कायद्यातल्या एका फटीमुळे कडक सुरक्षेच्या मनोरुग्णालयातून एका धोकादायक रुग्णाची सुटका करावी लागली. सप्टेंबरमध्ये संसदेने ती फट बुजवली. १ एप्रिल २०२० रोजी करोनाच्या साथीसाठीचं विधेयक तर तिन्ही टप्पे एकाच दिवसात ओलांडून संमत झालं.

वेळेची मालकी सरकारकडून काढून घेण्याचा मूळ हेतू कितपत साधला? काही ठिकाणी आकड्यांतच उत्तर आहे. संसदीय वर्षात १६ अर्धे दिवस सरकारबाहेरच्या पक्षांसाठी आणि १२ अर्धे दिवस समित्यांच्या कामासाठी राखून ठेवलेच पाहिजेत, असा नियम आहे. समितीने केलेल्या चौकशीवर सभागृहात दुपारभर चर्चा होणं ही चांगली प्रथा आहे. अहवाल कपाटात जाऊन पडत नाही, मंत्र्याला त्यावर उभं राहून बोलावं लागतं.

त्याहून लहान, पण माझ्या मते मोलाची जागा म्हणजे दिवसाच्या अखेरीची सदस्य-चर्चा. पाच वाजताचं मतदान झालं की बहुतेक सदस्य बाहेर पडतात आणि उरलेले पुढचा पाऊण तास एका साध्या सदस्याच्या ठरावावर बोलतात. गुरुवारी ही चर्चा दुपारी होते. ठरावाला इतर पक्षांचा पाठिंबा असावा लागतो आणि शेवटी मतदान नसतं. बेटावर जाणारी फेरीबोट सारखी रद्द होते आहे, गावातली बँकेची शाखा बंद होते आहे, एखाद्या दुर्मिळ आजाराच्या रुग्णांना औषध मिळत नाही, असे विषय. समारोपाला मंत्री उत्तर देतात आणि ते शब्द अधिकृत वृत्तान्तात जातात. ज्या रुग्णांच्या आजारावर ही चर्चा असते ते बरेचदा स्वतः गॅलरीत येऊन बसतात. हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नसल्यामुळे विरोधी पक्षाच्या सदस्याला मंत्र्याशी माणसासारखं बोलता येतं, आणि मंत्र्यालाही.

साध्या सदस्याला कायदाही करता येतो. त्यासाठी प्रस्तावावर किमान १८ सहकाऱ्यांचा पाठिंबा मिळवावा लागतो आणि ते एकाच पक्षाचे असून चालत नाही. मोनिका लेनन या विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षाच्या सदस्य. मासिक पाळीसाठी लागणारी साधनं गरजू व्यक्तीला मोफत मिळावीत, असं विधेयक त्यांनी एप्रिल २०१९ मध्ये आणलं. खर्चाच्या मुद्द्यावर सरकार आधी अनुकूल नव्हतं. समितीत आणि समितीबाहेर चर्चा होत गेली, सरकारने भूमिका बदलली, आणि २४ नोव्हेंबर २०२० रोजी ते १२१ विरुद्ध शून्य मतांनी संमत झालं. असा कायदा करणारा जगातला हा पहिला देश. आपल्या संसदेत लोकसभेच्या शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासदारांच्या खासगी कामासाठी असतात, तरी १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायद्यात उतरलेलं नाही, हे इथे आठवतं आणि टोचतं. विषयांची आपल्याकडे वानवा नाही. विधेयक एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात नेण्यासाठी जो वेळ राखून ठेवावा लागतो, तो नाही.

एडिनबर्गमध्ये हे शक्य होतं याला आणखी एक कारण आहे. लंडनमध्ये संसदेचं सत्र साधारण वर्षाचं असतं, ते संपलं की अर्धवट राहिलेली बहुतेक विधेयकं बाद होतात. होलीरूडचं सत्र म्हणजे एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंतचा सगळा काळ. विधेयक दोन वर्षं रेंगाळलं तरी जिवंत राहतं. सत्र मध्येच संस्थगित करण्याचा प्रकारच इथे नाही. सुट्टी घ्यायची तर संसद स्वतः ठराव करून घेते. आपल्याकडे राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने विधिमंडळ बोलावतात, त्यामुळे अधिवेशन कधी आणि किती दिवसांचं यावरून दर वर्षी हुज्जत होते. ती इथे होत नाही. २०१९ मध्ये लंडनच्या सरकारने संसद पाच आठवडे संस्थगित केली तेव्हा ते बेकायदा ठरवणारा पहिला निकाल एडिनबर्गच्या न्यायालयाने दिला. त्यानंतर २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं.

पहिली पाच वर्षं मात्र हे पंचांगही पूर्णपणे तिच्या हातात नव्हतं, कारण ही संसद दुसऱ्याच्या घरी बसायची. होलीरूडची इमारत २००४ मध्ये वापरात आली. तोवर चर्च ऑफ स्कॉटलंडचं एडिनबर्गमधलं सभागृह भाड्याने घेतलेलं होतं. दर वर्षी मे महिन्यात चर्चची स्वतःची महासभा भरे, तेव्हा चर्चला आपलं सभागृह परत लागे. म्हणून मे २००० मध्ये संसदेने ग्लासगोला आणि मे २००२ मध्ये ॲबर्डीनला बस्तान हलवलं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी दरसाल कागदपत्रांचे गठ्ठे हलवणाऱ्या मुंबईच्या मंत्रालयातल्या माणसांना त्या धावपळीची कल्पना येईल.

ब्यूरोवर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. मताचं वजन सदस्यसंख्येवर असल्यामुळे सरकारकडे बहुमत असेल तर ब्यूरोतही बहुमत त्याचंच. २०११ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या, त्या पाच वर्षांत सगळ्यांनी मिळून क्रम लावण्याची कल्पना बरीचशी कागदावर राहिली. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ब्यूरोने सत्ता सरकारकडून काढली, पण दिली पक्षांना. सदस्यांना नाही. चर्चेत कुणी बोलायचं ही नावं पक्षाचे प्रतोद देतात. त्यामुळे आपल्याच सरकारला खोचक प्रश्न विचारणाऱ्या सदस्याची पाळी उशिरा येते किंवा येतच नाही. चार मिनिटांचं भाषण लिहून आणायचं, वाचायचं आणि बसायचं, अशी सवय लागते. मधेच उठून हरकत घ्यावी तर वाचणाऱ्याची मिनिटं जातात, म्हणून तो थांबत नाही. वेळ काटेकोर वाटला की वाद मरतो, याचा अनुभव या सभागृहाने अनेक दुपारी घेतला आहे. जॉन मॅककॉर्मिक यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने जून २०१७ च्या अहवालात संसदेच्या सुधारणेसाठी ७५ शिफारशी केल्या, त्याचं मूळ याच अस्वस्थतेत होतं. ब्यूरोची बैठक आजही बंद दाराआड होते. ती उघड व्हावी, किमान तिथला मतभेद तरी लोकांना कळावा, असं मला वाटतं. पक्षांना मोकळेपणाने देवाणघेवाण करता यावी म्हणून गुप्तता, हा युक्तिवाद मी समजू शकतो. पण ज्याच्या वाट्याला वेळ आला नाही, त्याला निदान कारण कळलं पाहिजे.

अल्पमतातलं सरकार आलं की हेच यंत्र वेगळं चालतं. २००७ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी फक्त ४७ सदस्यांवर सत्तेत आली. जून महिन्यातच विरोधकांनी एकत्र येऊन एडिनबर्गचा ट्राम प्रकल्प चालू ठेवण्याच्या बाजूने मतदान केलं. ठराव बंधनकारक नव्हता, तरी प्रकल्प गुंडाळू पाहणाऱ्या सरकारने तो मानला. २८ जानेवारी २००९ रोजी अर्थसंकल्पावर ६४ विरुद्ध ६४ अशी मतं पडली. तेव्हाचे पीठासीन अधिकारी ॲलेक्स फर्ग्युसन यांनी निर्णायक मत विरोधात टाकलं, कारण जे आहे ते बदलण्याच्या बाजूने पीठासीन अधिकाऱ्याने कौल देऊ नये, असा संकेत आहे. अर्थसंकल्प पडला. आठवडाभराने बदललेला अर्थसंकल्प मोठ्या बहुमताने संमत झाला.

एक बाब अशी आहे जिथे ब्यूरोलाही पर्याय उरत नाही. सरकारवरच्या अविश्वास ठरावाला २५ सदस्यांचा पाठिंबा असेल, तर ब्यूरोने तो कार्यक्रमात घेतलाच पाहिजे. सरकारकडे बहुमत असो वा नसो, तो ठराव पुढे ढकलता येत नाही. एप्रिल २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात या नियमाची धार दिसली. २५ तारखेला फर्स्ट मिनिस्टर हमझा युसुफ यांनी ग्रीन पक्षाशी असलेला सत्तेतल्या भागीदारीचा करार मोडला. कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने फर्स्ट मिनिस्टरवर अविश्वास जाहीर केला, मजूर पक्षाने सगळ्या सरकारवर. सत्ताधाऱ्यांची मतं ६३, विरोधकांची ६४, आणि अल्बा पक्षाच्या ॲश रेगन एकट्या. त्या सरकारच्या बाजूने गेल्या तर बरोबरी आणि निर्णायक मत, विरोधात गेल्या तर पराभव. मतदान येत्या काही दिवसांत होणार हे नक्की होतं, त्यामुळे समजूत घालायला उरला होता फक्त शनिवार-रविवार. सोमवारी, २९ एप्रिलला युसुफ यांनी राजीनामा जाहीर केला. मजूर पक्षाचा ठराव मात्र ठरल्याप्रमाणे बुधवारी, १ मे रोजी मतदानाला आला. ग्रीन पक्षाचे सातही सदस्य सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि ठराव ५८ विरुद्ध ७० मतांनी फेटाळला गेला.